वर्गातील मत्स्यपेटी : कोणते मासे एकत्र नांदतील?

प्राथमिक शाळेच्या वर्गात काचेची एक पेटी ठेवावी, तिच्यात वाळू, पाणवनस्पती व चार-दोन मासे असावेत आणि परिसर अभ्यासाचा एखादा तास पुस्तकाऐवजी त्या पेटीसमोर व्हावा, ही कल्पना शिक्षकांना सहज आवडते. तिचा खर्चही आवाक्याबाहेरचा नाही. परंतु अशा पेट्यांचा शेवट पुष्कळदा एकाच रीतीने होतो. शहरातील दुकानातून केवळ रंग पाहून मासे आणले जातात : दोन सोनमासे, एक उभट एंजल, एक लांब कल्ल्यांचा झुंजार मासा आणि सहा गप्पी. पहिला आठवडाभर मुले पेटीपासून हलत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात गप्पींची संख्या चारवर येते आणि मासे कोणी चोरले याची चौकशी सुरू होते. पुढे झुंजार माशाची शेपटी कुरतडलेली दिसते, सोनमासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, आणि एका सोमवारी वर्ग उघडल्यावर मुलांच्या दृष्टीस जे पडते ते ती लवकर विसरत नाहीत. यात माशांचा दोष नसतो व मुलांचाही नसतो. निवड चुकलेली असते.

तलावात दोन माशांचे पटले नाही तर दुबळा मासा दूर निघून जातो. साठ सेंटिमीटर लांबीच्या पेटीत त्याला जाण्यास जागा नाही. जो त्याला छळतो त्याच्याच शेजारी त्याने अहोरात्र राहावयाचे असते, आणि पाणी बाधले तरी त्याच पाण्यात श्वास घ्यावयाचा असतो. यास्तव मासे विकत घेण्यापूर्वी, कोणता मासा कोणाबरोबर, किती संख्येने व कोणत्या पाण्यात नांदेल याचा विचार शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

वनस्पती आणि मासे एकाच काचपात्रात परस्परांच्या आधाराने जगू शकतात, हे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये तेथील रसायनशास्त्र संस्थेपुढे मांडले. सुमारे १२ गॅलन मावतील अशा काचपात्रात त्यांनी दोन लहान सोनमासे व व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी ती पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. या प्रयोगातील आकडे शिक्षकांनी जरूर ध्यानात घ्यावेत. १२ गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर, आणि मासे केवळ दोन, तेही लहान. आज बाजारात सहज मिळणारी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच पेटी बरोबर ५४ लिटरची असते. तिच्यात वाळू घातली व वर थोडी जागा मोकळी ठेवली की पाणी सुमारे ४५ लिटर राहते.

एवढ्या पाण्यात मासे किती? पुष्कळ पाळणारे असा अंदाज धरतात की, लहान व सडपातळ माशांच्या बाबतीत दर लिटरला माशाची एक सेंटिमीटर लांबी, यापुढे जाऊ नये. लांबी मोजावयाची ती दुकानात दिसणाऱ्या पिलाची नव्हे, पूर्ण वाढलेल्या माशाची. या हिशेबाने ४५ सेंटिमीटर मासे बसतात. नागपूरकडे मात्र ही मर्यादा ३० सेंटिमीटरवर आणावी; त्याचे कारण येथील उन्हाळा. गोड्या पाण्यात २० अंश तपमानाला दर लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅम होतो आणि ३५ अंशांना सात मिलिग्रॅमहूनही किंचित कमी भरतो. उलट, पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. वीज गेली, हवेचा पंप थांबला, की ही तफावत लगेच जाणवते. पेटीत वनस्पती दाट असतील तर दिवसा त्या प्राणवायू देतात. रात्री त्याही तो घेतातच. म्हणून पेटीतील मासे बहुधा पहाटे गुदमरतात, आणि शाळा अकरा वाजता उघडल्यावर कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस एका रात्री तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. असे टोकाचे दिवस क्वचित येतात. तथापि मे महिन्यात ४४-४५ अंश हे या जिल्ह्याला नवे नाही. ज्या माशाला बाराही महिने २४ ते २६ अंशांचे पाणी लागते तो मासा कितीही सुंदर असला तरी पत्र्याच्या छपराखालील वर्गाचा सोबती होऊ शकत नाही. चमकदार निळ्या-तांबड्या पट्ट्याचा निऑन टेट्रा याच वर्गातला. तो मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. मऊ, किंचित आम्लधर्मी व फार न तापणारे पाणी त्याला मानवते.

पाण्याच्या मऊपणाचा प्रश्न येथे सर्वत्र सारखा नाही. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व सीमेवर वसलेले आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूला काळा बसाल्ट, तर पूर्वेकडे निराळे, अधिक जुने खडक. गावोगावच्या विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही यावरून मुलांनाही ते ओळखता येते. जड पाणी वाईट असते असे नव्हे. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना ते मानवते. निऑनसारख्यांना मानवत नाही, एवढेच. पाणी बदलण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, अथवा दुकानात मिळणारे क्लोरीन-निवारक द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात घालावे. वाळू कन्हानची, स्वच्छ धुतलेली, चालेल. कोणत्याही वाळूवर लिंबाचा रस पिळला असता बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे असे समजावे व ती टाळावी. संगमरवरी खडे शोभेसाठी घालण्याची प्रथा आहे, तीही याच कारणाने बरी नव्हे.

आता माशांकडे वळू. एकत्र नांदण्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोंडाचा आहे. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या त्यात जातो; यात क्रूरपणा नाही, तो माशाचा स्वभाव आहे. एंजल लहान असताना सौम्य वाटतो. तो हाताच्या पंजाएवढा वाढतो आणि मग त्याच पेटीतील गप्पी व टेट्रा एकेक करून नाहीसे होतात. त्याला ३० सेंटिमीटर उंचीची पेटी पुरतही नाही. दुसरा प्रश्न वाढीचा. सोनमासा वीतभर व त्याहून मोठा होतो, पुष्कळ खातो, पुष्कळ घाण करतो, वाळू उकरून रोपे उपटतो व कोवळी पाने खातो. त्याला थंड पाणी अधिक मानवते. लावलेल्या छोट्या पेटीत तो ठेवणे म्हणजे बागेत म्हैस बांधण्यासारखे आहे. काचेला चिकटून शेवाळ खाणारा, खरखरीत अंगाचा, ‘सफाईवाला’ म्हणून विकला जाणारा मासा दुकानात बोटाएवढा असतो. तो फुटाहूनही मोठा होतो. पेटी साफ ठेवण्यासाठी त्याला आणणारा शिक्षक वर्षभरात त्याचे काय करावे या विवंचनेत पडतो.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. सयाम देशाकडील झुंजार माशाचे दोन नर एकत्र ठेवू नयेत हे बहुतेकांस ठाऊक असते. पण एकटा नरही लांब, रंगीत शेपटीच्या गप्पीला प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर धावतो, हे ध्यानात घेतले जात नाही. उलट टायगर बार्बसारखा चपळ मासा त्या झुंजाराचेच लोंबते कल्ले कुरतडतो. संथ व लांब कल्ल्यांचे मासे एका बाजूला आणि चपळ, चावरे मासे दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी मनाशी पक्की असावी. ज्यांना थव्याने राहण्याची सवय आहे त्यांना एकटे किंवा जोडीने ठेवणे हेही भांडणाचे मूळ ठरते. थव्यातील मासे आपसांत पाठलाग करून आपली खोडी जिरवतात. थवा नसला की ती खोडी इतरांवर निघते. सहापेक्षा कमी थवा धरू नये.

या सर्व कसोट्यांना उतरणारा मासा परदेशी नाही, तो भारतीयच आहे. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या रेघा असलेला, चार सेंटिमीटरांचा झेब्रा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात प्रथम वर्णिला. भारत, नेपाळ, बांगलादेश येथील उथळ ओढ्यांत, भातखाचरांत तो राहतो. हिवाळ्याचे गार व उन्हाळ्याचे तापलेले पाणी दोन्ही त्याने पाहिलेले असते. तो थव्याने वरच्या व मधल्या थरात फिरतो, रोपांना हात लावत नाही, मिळेल ते बारीक अन्न घेतो. त्याची अंडी व गर्भ पारदर्शक असल्याने अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले, आणि आज जगभर रोगसंशोधनात त्याचा उपयोग होतो. मुलांना सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. त्याचे दोन दोष मात्र जाणून असावेत : तो उडी मारतो, म्हणून पेटीवर मच्छरदाणीच्या कापडाची चौकट हवी, आणि लांब कल्ल्यांच्या माशामागे तो लागतो.

सहा झेब्रे म्हणजे २४ सेंटिमीटर. उरलेल्या सहा सेंटिमीटरांत एक हनी गोरामी बसतो. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, पाच सेंटिमीटरांच्या आसपासचा, मधाच्या रंगाचा शांत मासा. पोटाखालील धाग्यासारख्या दोन कल्ल्यांनी तो आंधळ्याच्या काठीप्रमाणे रोपे चाचपीत हिंडतो. त्याच्या कल्ल्यांजवळ हवेतून श्वास घेणारे एक खास इंद्रिय असते. पाण्यातील प्राणवायू घटला तर तो वर येऊन हवेचा घोट घेतो. उन्हाळ्यात हा गुण मोलाचा ठरतो. गोरामीचे दोन नर मात्र नकोत. जेथे विंधन विहिरीचे पाणी फार जड आहे तेथे हा बेत सोडून दहा गप्पी ठेवावेत, परंतु ते सर्व नर असावेत. गप्पीची मादी जिवंत पिले देते, साधारण महिन्याने पुन्हा देते, आणि एकदा नराच्या सान्निध्यात आल्यावर पुढील कित्येक वेळा नर नसतानाही देत राहते. एका मादीपासून वर्षाअखेर पेटीत पाय ठेवण्यास जागा उरत नाही.

गावतळ्यातील मासे आणून पेटीत ठेवावेत असा मोह मुलांना होतोच, व तो चांगला आहे. रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या पूर्वेकडील तालुक्यांत तळी पुष्कळ. पलीकडे भंडारा-गोंदियात तर कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव प्रसिद्धच आहेत. त्या तलावांवर ढिवर समाजाची उपजीविका चालते, आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाला राहतो हे ज्ञान त्या घरांत आहे. शिक्षकाने एखाद्या जाणत्या ढिवराला वर्गात बोलावून मुलांशी बोलते केले तर तो तास वाया जाणार नाही. तळ्यातून आणावयाचा तो अंगावर दोन काळे ठिपके असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा तिक्तो बार्ब. एक ठिपका डोक्यामागे, दुसरा शेपटीजवळ. तो थव्याने राहतो व झेब्र्याशी त्याचे जमते. मात्र तेव्हा गोरामी नको आणि झेब्रे कमी, हा हिशेब पुन्हा करावा लागेल.

तीन मासे मुले हमखास आणतील, आणि ते तिन्ही नाकारावेत. पहिली मरळीची पिले. पावसाळ्यात तळ्याच्या काठाशी नारिंगी रंगाच्या पिलांचा झुबका दिसतो तो हा. ओंजळीत सहज येतो आणि फार सुंदर दिसतो. काही महिन्यांत त्यातील एक उरते व पेटीत दुसरे काही उरत नाही. दुसरी शिंगी. तिच्या बाजूच्या काट्यात विष असते. हात घालणाऱ्या मुलाला ती असह्य वेदना देते. तिसरा पारदर्शक काचमासा, ज्याच्या अंगातील काटा न् काटा दिसतो. चांदा या नावाने ग्रंथांतरी ओळखली जाणारी त्याची एक जात दुसऱ्या माशांचे खवले उपटून खाते. निरुपद्रवी दिसण्यावर जाऊ नये, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

वनस्पतींसाठी दुकानात जाण्याची गरज नाही. फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया, हायड्रिला व मुळांवाचून तरंगणारे सेराटोफायलम ही तिन्ही आपल्याकडील तळ्यांत वाढतात. आणल्यावर ती परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात थोडा वेळ बुडवून, स्वच्छ धुऊन, पांढऱ्या परातीत पसरून नीट तपासावीत. चतुराची अळी पानांत लपून आली तर ती लहान मासे खाते. जलपर्णी मात्र पेटीत घालू नये व कोठे सोडूही नये. पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवल्यास आठ दिवसांत काच हिरवी होते. उत्तरेकडील उजेड उत्तम.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैच्या आरंभी पेटी मांडावी, रोपे लावावी आणि मासे न घालता ती तशीच राहू द्यावी. हे धीराचे काम आहे आणि मुले रोज विचारतील. माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो माशालाच विषारी. वाळूत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. या जीवाणूंची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात, व तिला अन्न म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर मासळीखाद्य रिकाम्या पेटीत टाकीत राहावे लागते. म्हणजे मासे येतील ते पोळ्याच्या सुमारास. तेही एकदम नव्हे : प्रथम तीन झेब्रे, दहा दिवसांनी आणखी तीन, आणि गोरामी सर्वांत शेवटी. आणलेली पिशवी बंदच ठेवून पाव तास पेटीत तरंगू द्यावी, मग पेटीतले पाणी थोडे थोडे तिच्यात घालून मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. रविवारी उपास. प्रत्येक मुलाला आपण एक चिमूट टाकावी असे वाटते, आणि चाळीस चिमटींनी पेटी जितक्या लवकर बिघडते तितकी उपवासाने कधीच बिघडत नाही. म्हणून पाळी लावावी व डबी कपाटात असावी. आठवड्याला एक बादली पाणी काढून तेवढेच ताजे घालावे. केवळ आटलेले भरून काढणे पुरेसे नाही, कारण पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. विंधन विहिरीच्या पाण्याने पेटी भरीत गेल्यास ती महिन्यागणिक अधिक जड होत जाते.

मासे फार झाले किंवा पेटी बंद करावयाची झाली तर ते अंबाझरी, फुटाळा, खिंडसी अथवा गावच्या तळ्यात सोडून देणे ही दया नव्हे. ज्याला सफाईवाला मासा म्हणतात तो अशाच सोडलेल्या पेट्यांतून व मत्स्यशेतीतून सुटून भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. जाळ्यात अडकला की त्याच्या काट्यांनी जाळे फाटते, आणि बाजारात त्याला किंमत नाही. ती झळ ढिवरांच्या घराला बसते. डासांसाठी १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणलेला गम्बुसिया मासाही स्थानिक माशांची अंडी-पिले खातो. नको झालेले मासे दुसऱ्या शाळेला द्यावेत किंवा दुकानदाराकडे परत करावेत. नागपुरात २००० साली स्थापन झालेले पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. अडचण आल्यास तेथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडे विचारणा करता येते.

सर्वांत अवघड प्रश्न मे महिन्याचा. शाळेला कुलूप लागते ते जवळजवळ दोन महिने, आणि तेच दिवस पाण्याला सर्वांत कठीण. माशांना आठवडाभर अन्न नसले तरी चालते. दोन महिने चालत नाही, आणि पाणी त्याआधीच निम्मे आटते. एप्रिल संपण्यापूर्वी पेटी कोणाच्या घरी जाणार हे ठरलेले असावे. भरलेली पेटी उचलू नये; ५४ लिटरच्या पेटीचे वजन पाणी व वाळूसह पाऊण क्विंटलपर्यंत जाते आणि काचेचे सांधे सुटतात. मासे व रोपे बादल्यांतून न्यावीत, अर्धे पाणी बरोबर न्यावे, वाळू ओली ठेवावी. घरी पेटीच्या तीन बाजूंना ओले गोणपाट गुंडाळावे व वर कापडी चौकटच असावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने पेटीही काही अंश गार राहते. बर्फाचा खडा टाकू नये. पेटी मांडली त्या दिवशीच पाण्याच्या पातळीशी काचेवर तांबड्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे ज्या घरी ती जाईल तेथील लहान मुलालाही किती पाणी घालावयाचे ते विचारावे लागणार नाही.